पलीकडून तिसरं दार

आमच्या गावाचे कालव्याने दोन भाग केले होते, आणि दोन्ही भागांतली माणसं स्वतःला अलीकडची आणि समोरच्यांना पलीकडची म्हणायची. पत्ता विचारत आलेल्या परक्या माणसाची त्यामुळे पंचाईत व्हायची. पलीकडे जा म्हटल्यावर तो बिचारा पूल ओलांडून जायचा, तर तिथले लोक म्हणायचे, छे, ते पलीकडे. आम्हाला स्वतःला कधी अडचण आली नाही. बोलणारा कुठे राहतो एवढं ठाऊक असलं की भागायचं, आणि तेवढंही ठाऊक नसेल तर मग गावात राहून आम्ही केलं काय.

लढाईच्या दिवसांची आठवण येते असं चारचौघांत म्हणायची सोय नाही. माणसं गेली, घरं गेली, आणि हिला आठवणी येतायत, असं कोणीतरी म्हणणारच, आणि त्यात त्यांचं चूकही नाही. पण मला येते. लढाईची नव्हे, तर त्या मधल्या वर्षांची, जेव्हा गावात जवळजवळ एकाही घराला दार नव्हतं. आता मी राहते त्या इमारतीत प्रत्येक दाराला दोन कुलुपं आहेत आणि समोरच्या बिऱ्हाडात कोण राहतं ते मला माहीत नाही. तेव्हा मला आख्ख्या गावाची जेवायची वेळ माहीत होती.

आई शाळेत भाषा शिकवायची. शाळा पलीकडे, म्हणजे आमच्या पलीकडे. आईची पाठची बहीण, माझी मावशी, लग्न होऊन पलीकडेच गेली होती आणि घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. शाळा सुटली की आई आधी तिच्याकडे जायची, मग घरी. मावशीचं मशीन आणि तोंड एकाच वेळी चालायचं, आणि आई तिचे शब्द दुरुस्त करत बसायची. मावशी म्हणायची, ‘ताई, मी तुझ्या वर्गात नाही बसलेय.’ आई तिला ‘धाकटी’ म्हणायची. तिचं खरं नाव आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा गोळीबार आधी आमच्या बाजूला झाला. बाबा कामासाठी बाहेरगावी गेले होते, तिकडेच अडकले. आईने मला आणि माझ्या धाकट्या भावाला हाताला धरलं आणि भर दुपारी, भिंतींच्या कडेकडेने, पूल ओलांडून मावशीच्या दारात आणून उभं केलं. आतून मशीनचा आवाज येत होता. आईने दार वाजवलं. मशीन थांबलं.

आम्ही वाट पाहिली. आईने पुन्हा दार वाजवलं. ‘धाकटे, मी आहे. मुलं आहेत बरोबर.’ आत कोणी हललं नाही. कडी निघाली नाही. माझा भाऊ म्हणाला, ‘मावशी घरात नाही वाटतं.’

‘आहे,’ आई म्हणाली. ‘मशीन आपोआप थांबत नाही.’

मग त्या बंद दाराकडे बघत, वर्गात हजेरी घेताना बोलायची तितक्याच स्वच्छ आवाजात ती म्हणाली, ‘मी पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.’ आणि आम्हाला घेऊन आल्या वाटेने परत निघाली. परत येताना ती रडत होती, पण चालायची थांबली नाही.

आईचा शब्द म्हणजे शब्द. भाषेच्या बाई होत्या, बोललेलं खोडायची त्यांना सवय नव्हती.

थोड्याच दिवसांत पूल उडवला गेला. कोणी उडवला ते विचाराल तर दोन्ही बाजू अजूनही पलीकडच्यांनी असंच सांगतील. कालव्याच्या दोन्ही कडांना उभ्या दगडी भिंती, खाली वेगाचं पाणी. दवाखाना आमच्याकडे राहिला, पिठाची गिरणी आणि शाळा त्यांच्याकडे. आमच्याकडे धान्य होतं पण ते दळायची सोय नव्हती, आणि त्यांच्याकडे आजारी माणसं.

पलीकडे एक सलूनवाले काका होते. त्यांच्या बायकोला कोसळलेल्या भिंतीचा दगड लागला. काकांनी घराचं दार बिजागरीतून काढलं, तिला त्यावर निजवलं आणि चौघांनी मिळून ते दार कालव्याच्या काठावर आणून ठेवलं. आमच्या काठावर दवाखान्यातल्या सिस्टर धावत आल्या. मध्ये पाणी. सिस्टर ओरडून सांगत होत्या, इथे दाबा, पाय वर करा, पट्टी घट्ट बांधा, आणि काका तसं तसं करत होते. दोन्ही काठांवर लोक जमले होते. आईही होती, तिने माझे डोळे झाकले होते, पण कान झाकायला तिसरा हात नव्हता. नंतर सिस्टरचं ओरडणं थांबलं. काकांनी बायकोला उचलून नेलं, दार तिथेच काठावर पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याच जागी येऊन उभ्या राहिल्या आणि समोर हाक मारून म्हणाल्या, ‘पूल बांधायचा. कोण येतंय?’ आमच्या मंडळाची ती पहिली बैठक. अर्धी माणसं या काठावर, अर्धी त्या काठावर, आणि सगळा कारभार ओरडून. त्यामुळे एक फायदा झाला. कोणाला कोणाच्या कानात कुजबुजता आलं नाही.

बंदूकवाले दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडचे नाही म्हणाले. सिस्टरनी आमच्याकडच्यांना विचारलं, ‘तुमच्या पोटाला पीठ लागतं की नाही?’ मग समोरच्यांना हाक मारून विचारलं, ‘तुमच्यातल्या कोणाला गोळी लागली तर माझ्यापर्यंत पोहत आणणार का?’ बंदूकवाले बाजूला झाले. बाहेरून मदत करणारी एक संस्था आली होती, माणसं चांगली होती. भांडण नको म्हणून दोन्ही काठांवर दोन वेगळी केंद्रं उघडू, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळाने सांगितलं, आम्हाला दोन केंद्रं नकोत, एक पूल द्या. पुलाची मंजुरी त्यांच्या हातात नव्हती. दोर, खिळे आणि डांबर त्यांच्या हातात होतं. तेवढं त्यांनी लगेच दिलं.

पडक्या गोदामाच्या तुळया मिळाल्या, पण वर टाकायला फळ्या कुठून आणायच्या? असतील नसतील त्या चुलीत गेल्या होत्या. लाकूड म्हणून गावात एकच गोष्ट शिल्लक होती. तेव्हा सिस्टर आणि मंडळाची माणसं निघाली. लोक दारोदार फिरून वर्गणी मागतात, आमच्याकडे दारोदार फिरून दारंच मागितली. पहिलं दार आधीच काठावर पडलेलं होतं. दुसरं, कोणी मागायच्या आत, मावशीने आणून दिलं. ते तिने एकटीने ओढत आणलं म्हणे, आणि तिच्या दारापासून काठापर्यंत मातीत त्याची रेघ उमटली होती. हे सिस्टरनी आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘बरं.’ आणि आमच्या घराचं दार काढायला लागली.

पुलाचं काम सुतारकाकांनी केलं. ते पलीकडचे. तोंडात कायम खिळे धरलेले, त्यामुळे ते बोलायचे त्यातलं निम्मं आपण आपल्या मनाने जोडायचं. तुळयांवर त्यांनी दारं आडवी, एकाला एक लावून टाकली, दोन्हीकडची मुद्दाम सरमिसळ करून, म्हणजे कोणी अर्ध्या पुलावर हक्क सांगायला नको. वरून डांबराचे हात दिले. हिरवी, निळी, नक्षीची, फुटकी, सगळी दारं काळी कुळकुळीत झाली. स्वतःचं दार कुठलं ते स्वतःलाही ओळखू येईना.

शाळेचं छप्पर गोळीबारात उडालं होतं, म्हणून शाळा गिरणीच्या शेडमध्ये भरणार असं ठरलं, दोन्हीकडच्या मुलांची एकत्र. म्हणजे आईला रोज पलीकडे जाणं आलं. पहिल्या दिवशी ती पुलाच्या तोंडाशी थांबली. सुतारकाका कठड्याचे दोर बांधत होते.

‘धाकटीचं दार कुठलं घातलंत?’ आईने विचारलं.

काकांनी तोंडातले खिळे एका गालात सारले. ‘पलीकडून तिसरं.’

आईने मान हलवली, आमचे हात धरले आणि चालू लागली. पलीकडचा काठ जवळ आला तशी ती मनात मोजायला लागली. तिसऱ्या दाराशी आली, पिशवी खांद्यावर घेतली, कपडे सावरले आणि मोठी ढांग टाकून ते दार ओलांडलं. मग मागे वळून आम्हाला म्हणाली, ‘उड्या मारा. त्याच्यावर पाय नको.’

शब्द तो शब्द. मावशीच्या दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणजे नाही, मग ते दार उभं असो की आडवं.

ही गोष्ट तिथेच संपली असती, पण आमच्या मागून शाळेची मुलं येत होती. बाई उडी मारतात म्हणजे मारायची असणार, असं त्यांनी धरलं. आठवडाभरात सगळी शाळा पलीकडून तिसऱ्या दारावरून उडी मारायला लागली. मग मुलांच्या आया, मग गिरणीवर येणाऱ्या बायका, डोक्यावर पिठाचं ओझं असलं तरी. कारण कोणीच विचारलं नाही. आमच्या गावात ही एक खोड होती, चार जण करतात म्हटल्यावर पाचवा विचारायचा नाही.

सलूनवाले काकांचं दुकान पुलाच्या त्या टोकाला होतं. आई दिसली की ते हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभे राहायचे, मान खाली घालून, आत खुर्चीत तोंडाला फेस लावलेला माणूस ताटकळत. आई पुटपुटायची, ‘या माणसाला कामधंदा नाही का?’ पण तीही मान लववून पुढे जायची. माझ्या भावाचे केस काका स्वतः हाक मारून कापायचे, इतक्या हळू हाताने की भाऊ खुर्चीतच झोपायचा. आम्हाला वाटायचं, बायको गेल्यापासून ते असे झालेत.

ते दिवस. कोणाकडे जायचं तर पडद्याबाहेर उभं राहून खाकरायचं, ‘आहात का?’ म्हणायचं. आत नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण पडद्याखालून पाय दिसायचे. मांजरं, कोंबड्या आणि शेजारची मुलं कुठल्याही घरात जेवायची. आमच्याकडे चहाला आधण ठेवलं की वासावर कोणीतरी यायचंच, आणि आई रागावल्यासारखं करून एक कप जास्तच टाकायची. चोरी झाली नाही असं मी म्हणणार नाही, एकदा आमची बादली गेली आणि चार घरं सोडून सापडली, त्यात त्यांच्या बाळाचे कपडे भिजत घातले होते. आईने बाळाचे कपडे धुऊन, वाळत घालून मगच बादली परत आणली. मी आजवर तितकी घाबरलेली कधी नव्हते, आणि तितकी सुरक्षितही कधी नव्हते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते मला सांगता येत नाही.

एका घरी मात्र आई गेली नाही. पुलावरून शाळेची सरळ वाट मावशीच्या घरावरून होती, म्हणून ती गिरणीला वळसा घालून, चिखलातून जायची. मावशी मंडळासाठी दप्तरं शिवायची, जुन्या ताडपत्रीची. तयार झाली की शेडच्या बाहेर येऊन माझ्या हातात द्यायची. ‘ताईला दे. ताईचे गुडघे बरे आहेत का?’ मी दप्तरं आत नेऊन ठेवायचे. आई म्हणायची, ‘मंडळाची आहेत ना? मग ठेव.’ गुडघ्यांचं मी सांगायचे तेव्हा ती फळा पुसायला लागायची. पण त्यातलं एक दप्तर तिने स्वतःसाठी ठेवलं होतं, आणि त्याची शिवण ती कधी कधी बोटाने चाचपून बघायची. मला ते दिसायचं आणि दोघींचाही राग यायचा.

लढाई थांबली. बाबा परत आले, कचेऱ्यांवर नवीन पाट्या लागल्या. त्याच संस्थेला आता पुलाची मंजुरी मिळाली. मंडळाने त्यांना आधी आपल्या अटी ऐकवल्या. पूल जुन्या जागी नको, दवाखाना आणि गिरणीच्या मध्ये हवा. हातगाडी जाईल एवढा रुंद हवा. काम गावातल्याच गवंड्यांना द्यायचं, दोन्हीकडच्या. त्यांच्या इंजिनीअरने सगळं ऐकून घेतलं आणि तसा पूल झाला, आजही तो उभा आहे. मग मंडळाने ठरवलं, आता दारांचा पूल काढायचा आणि ज्याचं दार त्याला परत करायचं.

त्याच आठवड्यात बातमी आली की मावशी गाव सोडून तिच्या मुलाकडे चालली आहे, कायमची. सामान बांधून झालंय, गाडी ठरलीय. बातमी सिस्टरनी आणली. बाबा आईला म्हणाले, ‘जाऊन ये एकदा. एकदा गेली की गेली ती.’

‘जाऊ दे,’ आई म्हणाली. त्या दिवशी तिने मला एकच भांडं दोनदा घासताना पकडलं आणि रागावली, पण ते पहिल्यांदा तिनेच घासलं होतं.

पूल काढायच्या दिवशी सगळा गाव दोन्ही काठांवर जमला. मावशी आली नव्हती. सुतारकाकांनी आमच्या काठापासून सुरुवात केली. पहिलं दार उचललं, उलटं करून खालचा रंग बघितला, नाव पुकारलं. दुसरं. तिसरं उचललं आणि म्हणाले, ‘हे शिवणकामवाल्या बाईंचं.’

‘चुकताय तुम्ही,’ आई म्हणाली. ‘तिचं पलीकडून तिसरं.’

‘मग हे पलीकडून तिसरंच आहे की, बाई.’

त्या दिवशी त्यांच्या तोंडात खिळे नव्हते, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं. आईने एकदा त्या दाराकडे पाहिलं, एकदा काकांकडे, एकदा समोरच्या काठावरच्या त्यांच्या घराकडे. आयुष्यभर मुलांना शब्द शिकवणारी माझी आई, आणि पलीकडे म्हणजे कोणाच्या पलीकडे, एवढं विचारायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं रोज जाता-येता ती मावशीच्या दारावर पाय ठेवून चालली होती.

‘मग ते,’ तिने लांबच्या टोकाकडे बोट दाखवलं, ‘ते कोणाचं?’

गर्दीतून सलूनवाले काका पुढे आले. ‘माझं,’ ते म्हणाले. ‘आता तुम्ही मला काय विचारताय, बाई? तुम्हाला ठाऊकच होतं. तिला ज्याच्यावर आणलं होतं, ते. घालताना मी बघत होतो. तुम्ही त्याच्यावर कधी पाय ठेवला नाहीत. मुलांना ठेवू दिला नाहीत. सगळ्या गावाला ठेवू दिला नाहीत. मी कधी बोललो नाही. म्हटलं, पूल काढतील त्या दिवशी सांगू.’

माझ्या भावाने तोंड उघडलं. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जोरात दाबला असणार, कारण तो लगेच गप्प झाला. चुकीचा काना-मात्रा खपवून न घेणारी ती बाई काकांकडे बघून म्हणाली, ‘हो. ठाऊक होतं.’

पूल निघत निघत त्या टोकाला पोचला, तेव्हा सलूनवाल्या काकांनी त्यांचं दार उचललं आणि घरी नेलं.

आई मावशीच्या दाराशी गेली. खालच्या बाजूला निळा रंग अजून शाबूत होता, आणि कडीची जागा. तिने त्यावर हात फिरवला आणि सुतारकाकांना म्हणाली, ‘एक बाजू धरता?’ काकांनी एक बाजू धरली, दुसरी आईने आणि मी. नव्या पुलावरून आम्ही ते दार नेलं. गिरणीचा वळसा घेतला नाही, सरळ वाटेने गेलो. आईचे गुडघे दुखत होते, पण ती वाटेत कुठे टेकली नाही.

मावशीच्या घराला नुसती चौकट होती, तिला पडदा. बाहेर बोचकी बांधून ठेवलेली. आतून मशीनचा आवाज येत होता, मशीन शेवटी बांधायचं असणार. इतर लोकांनी कसलीकसली दारं, फळ्या, पत्रे लावून घेतले होते. तिने काहीच लावलं नव्हतं. वाजवायला तिथे काही नव्हतंच. ‘धाकटे’ म्हणून हाक मारायला हवी होती, पण आईने मारली नाही.

मग तिने काकांना खूण केली. त्यांनी दार उभं केलं आणि चौकटीत सरकवलं. काका मागे सरले आणि परत गेले. आईने दार वाजवलं.

मशीन थांबलं.

मी भावाचा हात शोधला, तो बरोबर नाही हे मी विसरले होते. आतून पावलं आली. पडदा सरकल्याचा आवाज आला. दोघींच्या मध्ये ते दार.

‘ताई,’ आतून मावशी म्हणाली. ‘त्या दिवशी मी आत होते.’

‘माहीत आहे.’

‘दुसरं कोणी नव्हतं. मला कोणी अडवलं नव्हतं. मी नुसती घाबरले.’

‘धाकटे,’ आई म्हणाली. ‘मी पण घाबरले होते म्हणूनच आले होते ना तुझ्याकडे.’

मावशी रडत होती ते बाहेर ऐकू येत होतं. ती ठरल्याप्रमाणे गेलीच, पण पंधरा दिवस उशिरा, कारण आईने गाडी दोनदा परत पाठवली. तेवढे दिवस आम्ही सगळे तिच्याच घरी जेवलो, आणि ते दार भिंतीला टेकून उभं होतं, बसवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी बिजागरी नसलेलं ते दार चौकटीत अडकून बसलं होतं, ते आतूनही उघडेना आणि बाहेरूनही.

आईने डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी दाराची कड पकडली.

‘धर गं,’ ती म्हणाली. ‘पलीकडून धर.’

आतून मावशीचा रडका आवाज आला.

‘तुझ्या पलीकडून की माझ्या?’